डोहाचे पाणी आणि विषाचे माप

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट चढून मेळघाटात शिरला की सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव लागते. गावाच्या नावातच डोह आहे आणि ते नाव यथार्थ आहे. सातपुड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा. पावसाळ्यात पडलेले पाणी तो फार काळ धरून ठेवीत नाही. आषाढ-श्रावणात दुथडी भरून वाहणारी सिपना चैत्र-वैशाखात तुटक होते आणि नदी म्हणून जे काही उरते ते एकापुढे एक अशा डोहांच्या रूपाने उरते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. सागाच्या या रानात वैशाखातला डोह हाच सर्वांचा आधार असतो. गुरे तेथे येतात, सांबर-चितळ येतात, वाघ येतो आणि माणूसही येतो. यांपैकी प्रत्येकाला गरज पडल्यास दुसऱ्या पाण्याकडे वळता येते. डोहातल्या माशाला मात्र ती सोय नाही. पावसाळा येईपर्यंत ते पाणी हेच त्याचे जग असते आणि त्या पाण्यात जे मिसळेल ते त्याच्या कल्ल्यांतून त्याच्या रक्तात जाते.

या साध्या वस्तुस्थितीवर एक संपूर्ण शास्त्र उभे आहे. त्याला जलीय विषशास्त्र म्हणतात. पाण्यात किती विष मिसळले असता कोणता जीव मरतो, कोणता मरत नाही पण प्रजननास असमर्थ होतो, आणि कोणते विष माशाच्या देहात साठून त्याला खाणाऱ्यापर्यंत पोहोचते, याचा शोध हे शास्त्र घेते. आपल्याकडे त्याचा संसार प्रामुख्याने किनाऱ्यावर आणि शहरांत आहे. मुंबईला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, १९६६ साली स्थापन झालेली आणि गोव्यात दोनापावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय ही त्याची ठाणी. समुद्रशास्त्रज्ञाने खाडीतले पाणी तपासावे, कोळंबीच्या तळ्यातले रोग शोधावेत, हे सर्वांना स्वाभाविक वाटते. तोच शास्त्रज्ञ सेमाडोहला येऊन सिपनेच्या डोहात आपली मापे बुडवील, अशी कल्पना मात्र कोणी करीत नाही. वस्तुतः सिपना तापीला मिळते, तापी हतनूर आणि उकाई ही धरणे ओलांडून सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. पाण्याच्या हिशेबात सेमाडोह आणि समुद्र हे एकाच वाटेवरचे दोन मुक्काम आहेत. ज्याला मुखाशी पाणी तपासावेसे वाटते त्याला उगमाकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

पाण्यातल्या विषाची जाणीव जगाला करून देणाऱ्या ग्रंथांत ज्या ग्रंथाचे नाव पहिल्याने घेतले जाते तो एका समुद्रजीवशास्त्रज्ञ स्त्रीने लिहिलेला आहे. रेचेल कार्सन या अमेरिकेच्या मत्स्यखात्यात नोकरीस होत्या आणि समुद्रावरील ग्रंथामुळे १९५१ सालीच त्यांची कीर्ती झाली होती. १९६२ साली त्यांनी 'सायलेंट स्प्रिंग' लिहिले, तेव्हा त्यांनी समुद्र सोडून शेते, अरण्ये आणि नद्या यांकडे मोर्चा वळविला होता. कॅनडातील मिरामिची नदीची हकिकत त्यात आहे. १९५४ साली त्या नदीकाठच्या अरण्यावर, झाडांना लागलेल्या अळ्या माराव्यात म्हणून विमानातून डीडीटी फवारण्यात आले. अरण्य वाचविण्यासाठी केलेल्या या फवारणीने नदीतील सामन माशांची पिल्ले मेली. आणि जी वाचली त्यांचे खाद्य असलेले पाणकिडे नाहीसे झाल्यामुळे त्यांचीही उपासमार झाली. फवारणारांचा हेतू वाईट नव्हता. नदी आपल्या हिशेबात धरावी लागते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

माशाची साक्ष माणसाच्या साक्षीपूर्वी येते, हा या शास्त्राचा सर्वांत मोठा धडा होय. जपानमधील मिनामाता येथे मासे पाण्यावर तरंगू लागले, ते मासे खाणारी मांजरे वेड्यासारखी नाचून मेली, आणि त्यानंतर १९५६ साली माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा हेच कारण आहे, असे तेथील सरकारने मान्य करावयास १९६८ साल उजाडावे लागले. एन्डोसल्फान या कीटकनाशकाची कथा तर आपल्या अधिक जवळची आहे. १९६९ साली ते युरोपातील ऱ्हाइन नदीत मिसळले आणि लक्षावधी मासे मेले. हे विष पाण्यातील जीवांस किती घातक आहे, ते तेव्हाच उघड झाले होते. त्यानंतरही केरळातील कासरगोडच्या काजूबागांवर ते वर्षानुवर्षे विमानातून फवारले गेले. आणि भारतात त्याच्यावर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली ती २०११ साली. माशाने दिलेली साक्ष आणि न्यायालयाने दिलेला आदेश यांत बेचाळीस वर्षांचे अंतर पडले. त्या अंतराची किंमत कासरगोडच्या घराघरांतून मोजली गेली.

किनाऱ्यावरचा शास्त्रज्ञ देशावर आला तर काय होऊ शकते, याची उदाहरणे महाराष्ट्रात नाहीत असे नाही. डॉ. चिं. वि. कुलकर्णी यांनी १९४० साली कोकणच्या खाड्यांतील निमखाऱ्या पाण्यातून एक चिमुकला मासा शोधून काढून शास्त्राला दिला. पुढे ते राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झाले, आणि उत्तरायुष्यात त्यांनी आपले लक्ष घाटमाथ्यावरील महशीर या माशाकडे वळविले. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतील ज्या महशीराचे वर्णन केले होते, त्याच्या अंडी घालण्याच्या सवयी कुलकर्ण्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केल्या. आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपन्यांनी चालविलेल्या केंद्रात त्या माशाची कृत्रिम पैदास लाखोंनी होऊ लागली. दुसरे उदाहरण औरंगाबादचे. मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. आर. नागभूषणम् आणि त्यांचे विद्यार्थी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहून रत्नागिरीच्या शिंपल्यांचाही अभ्यास करीत आणि गोड्या पाण्यातील खेकडे व शिंपले यांचाही. कीटकनाशकांचा या जीवांवर काय परिणाम होतो, हा त्या विभागाच्या कामाचा एक भाग होता. समुद्र जवळ नसला तरी समुद्रशास्त्राची शिस्त नदीला लावता येते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते. प्रश्न ती शिस्त सिपनेपर्यंत नेण्याचा आहे.

ती नेण्याची निकड कोणती, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेतील मापाचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. एखादे रसायन माशांना किती घातक आहे, हे ठरविण्याची सर्वमान्य पद्धत अशी: काचेच्या टाक्यांत निरनिराळ्या प्रमाणांत ते मिसळावयाचे, प्रत्येक टाकीत ठराविक मासे सोडावयाचे आणि ९६ तास वाट पाहावयाची. ज्या प्रमाणाला निम्मे मासे मरतात तो त्या रसायनाच्या मारकतेचा आकडा. हा आकडा मोलाचा आहे. परंतु तो मिळविताना काही अटी पाळल्या जातात. झेब्रा माशासारख्या उष्ण पाण्यातल्या माशासाठीही तापमान साधारणतः २१ ते २५ अंशांच्या दरम्यान स्थिर ठेवतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू जास्तीत जास्त जितका असू शकतो त्याच्या साठ टक्क्यांखाली जाऊ द्यावयाचा नसतो. मासे निरोगी, पाणी स्वच्छ, गर्दी नाही. एका वेळी एकच विष.

आता वैशाखातला डोह डोळ्यांपुढे आणावा. पाणी उथळ झालेले, तापमान तिशीच्या वर गेलेले. वीस अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणजे माशाच्या देहाचे व्यापार उष्णतेने वाढलेले असतात, त्याला अधिक प्राणवायू हवा असतो, आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. मग मासा कल्ले अधिक वेगाने हलवितो, अधिक पाणी आत घेतो आणि त्याबरोबर अधिक विषही घेतो. वाहती नदी विष पुढे नेऊन पातळ करते. डोह ते जागीच ठेवतो. पावसाळ्यात विस्तीर्ण पात्रात विखुरलेले मासे आता एका खळग्यात दाटलेले असतात. प्रयोगशाळेने हमी दिलेल्या जवळजवळ प्रत्येक अटीचा येथे भंग झालेला असतो. तेव्हा पुस्तकातला आकडा हा सेमाडोहच्या डोहाचा आकडा नव्हे. तो डोहावरच काढावा लागेल, आणि उन्हाळ्यातच काढावा लागेल.

माशांना विष घालण्याची कल्पना मेळघाटला नवी नाही, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. गेळफळ, हिंगणबेट यांसारख्या वनस्पतींची फळे वा साली ठेचून पाण्यात टाकावयाच्या आणि गुंगलेले मासे वेचावयाचे, ही रीत भारतातील अनेक वनवासी समाजांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. तिला सरसकट रानटीपणा म्हणून हिणविणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आधुनिक मत्स्यशेतीचे शास्त्रही हेच करते. तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडण्यापूर्वी त्यातील भक्षक मासे मारण्यासाठी मोहाच्या बियांची पेंड टाकावी, असे प्रत्येक मत्स्यशेतीच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे अडीच टन असे तिचे प्रमाण सांगितले जाते. पेंडीतील सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर आणि रक्तावर परिणाम करते, दोन-तीन आठवड्यांत त्याचा प्रभाव ओसरतो, आणि पुढे तीच पेंड खत म्हणून तळ्याला उपयोगी पडते. मोह हे मेळघाटचेच झाड. त्याच्या पेंडीचे विष कोठे, किती आणि किती दिवस टिकणारे, याचा हिशेब शास्त्राने मांडला म्हणून ते शेतीचे साधन झाले.

खरा धोका निराळ्याच ठिकाणी आहे. मोहाच्या पेंडीचे प्रमाण एका लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास पडते. कापसावर आणि सोयाबीनवर सर्रास फवारल्या जाणाऱ्या सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाची माशांवरील मारकता लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅमच्या घरात आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पेंडीत प्रत्यक्ष विषाचा अंश थोडाच असतो, हे लक्षात घेऊनही दोहोंत हजारो पटींचे अंतर राहते. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल असा डोह घेतला तर त्यात चार लाख लिटर पाणी असते. एवढ्या पाण्यातील मासे धोक्यात येण्यास त्या रसायनाचा ग्रॅमभर अंशही पुरे होतो. त्यातला काही भाग गाळाला चिकटून निष्प्रभ होतो हे खरे. परंतु फवारणीचा पंप आणि रिकाम्या बाटल्या नदीत धुण्याची सवय किती महाग पडू शकते, हे या हिशेबावरून कळावे. फळे ठेचून पाणी गढूळ करणाऱ्या माणसाला आपण काय करीत आहोत ते दिसत असे. पंप धुणाऱ्याला ते दिसत नाही. जुन्या रीतीला श्रमाची आणि सामग्रीची मर्यादा होती. नव्या विषाला ती मर्यादा उरलेली नाही.

या विषाची ओळख वऱ्हाडला करून देण्याची गरज पडू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. तेव्हा चौकशा झाल्या, हातमोजे आणि मुखपट्ट्या वाटण्याच्या घोषणा झाल्या. त्या आवश्यकच होत्या. परंतु माणसाच्या अंगावर उडाले ते विष शेताच्या मातीत आणि नाल्याच्या पाण्यात किती गेले, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. मेळघाटात, विशेषतः धारणीकडच्या सपाटीत, सोयाबीनचे पीक स्थिरावले आहे आणि त्याबरोबर बाजारातली कीटकनाशकेही पोहोचली आहेत. दुसरीकडे याच डोंगरांतून उतरणाऱ्या शहानूर, वान यांसारख्या नद्यांवर धरणे बांधून अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातील गावांना पिण्याचे पाणी दिले जाते. अंजनगाव, दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडच्या शाळेत शिकविणाऱ्या शिक्षकाला मेळघाट हा सहलीचा मुलूख वाटत असेल. त्याच्या घरातल्या माठाला मात्र ते डोंगर चांगले ठाऊक आहेत.

यावर कायदा नाही असे नव्हे. मासे मारण्यासाठी पाण्यात विष टाकण्यास बंदी करणारा कायदा इंग्रजांनी १८९७ सालीच केला. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा, जलप्रदूषणाचा १९७४ चा. अभयारण्यात वन्यजीवांस अपाय करील असे रसायन वा स्फोटक वापरण्यास वन्यजीव कायद्याच्या ३२ व्या कलमाने स्पष्ट मनाई केली आहे. मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून त्याची स्थापना १९७४ सालची. ज्या वर्षी पाण्याचा कायदा आला त्याच वर्षी मेळघाटच्या वाघाला संरक्षण मिळाले. तथापि कायदा जे दिसते त्यालाच पकडू शकतो. मेलेला वाघ दिसतो, तोडलेला साग दिसतो. लिटरमागे दोन मायक्रोग्रॅम कोणाला दिसत नाहीत. मोठ्या नद्यांवर आणि कारखान्यांच्या खाली पाणी तपासण्याची व्यवस्था असते. सिपनेसारख्या रानातल्या लहान नदीचा क्रम सहसा शेवटी लागतो, कारण तेथे धुराडे नाही. मोजमापाविना असलेली बंदी ही चांगल्या अक्षरात लिहिलेली इच्छाच राहते.

कोणी विचारील, की मेळघाटात कुपोषणाने मुले दगावतात, १९९३ साली त्यांच्या मृत्यूंच्या बातम्यांनी सारा देश हादरला होता. तेथे माशांच्या विषाचा प्रश्न उभा करणे हा सुखवस्तूंचा चोचला नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. मासा हे गरिबाच्या ताटातले उत्तम प्रथिन आहे आणि तो जगवावयाचा असेल तर पाणी जगविणे भाग आहे. कुपोषित मुलाच्या पोटात कोणते पाणी जाते, हा प्रश्न धष्टपुष्ट मुलाच्या बाबतीतल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. कारण विष सोसण्याची त्याची शक्ती कमी असते. डोहातल्या दाटलेल्या माशांची जी स्थिती तीच अर्धपोटी बालकाची. दोघांच्याही बाबतीत सरासरीवर ठरविलेला आकडा अपुरा पडतो.

मग मासे वाढवावेत, तळी खणावीत, धरणांत पिंजरे टाकावेत, असा सोपा उपाय पुढे येतो. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी कटकला प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केल्यापासून मत्स्यबीज मुबलक झाले आणि गावतळ्यांतील मत्स्यशेतीने अनेक घरांना आधार दिला, हे निर्विवाद आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत, जंगलाबाहेरच्या तळ्यांत आणि शेततळ्यांत ती अवश्य वाढवावी. परंतु तळ्यातला मासा तळ्यातच राहिला पाहिजे. वळवणच्या केंद्रातील महशीराचीच गोष्ट पाहावी. चांगल्या हेतूने तेथील पिल्ले दूर कावेरीतही सोडण्यात आली. पुढे संशोधकांना असे आढळले की या आगंतुक महशीराने कावेरीच्या मूळच्या कुबड्या महशीराला मागे सारले. आणि ज्या मूळ माशाला नीटसे शास्त्रीय नावही लाभले नव्हते त्याला २०१८ साली ते मिळाले तेव्हा त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली. एका नदीचा मासा वाचविण्याचे औषध दुसऱ्या नदीत विषासारखे लागू पडले. सातपुड्याच्या नद्यांत कोणाही उत्साही संस्थेने बाहेरचे बीज, आणि त्यातही केंद्र सरकारने बंदी घातलेला आफ्रिकी मागूर, सोडण्याची चूक करू नये, म्हणून ही हकिकत सांगणे आवश्यक आहे. नर्मदा-तापीच्या खोऱ्यातल्या महशीराला खोल, थंड, निर्विष डोह लागतो. तो दिला तर पैदास करावयास तो कोणाची वाट पाहणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? मोठ्या इमारतीची, नव्या महामंडळाची मागणी करण्याचे कारण नाही. सिपना, खापरा, खंडू, गडगा आणि डोलार या मेळघाटच्या पाच नद्यांवरील निवडक डोहांची नोंदवही सुरू व्हावी. वर्षातून तीनदा, पहिल्या पावसानंतर, हिवाळ्यात आणि वैशाखात, तापमान, प्राणवायू आणि कीटकनाशकांचे अंश यांची नोंद व्हावी. सूक्ष्म विश्लेषणाची उपकरणे शोधावयास दूर जावे लागणार नाही. नागपूरला १९५८ साली स्थापन झालेली आणि १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था विदर्भाच्याच भूमीवर आहे. दगडाखालचे पाणकिडे मोजण्यास तर चिमटा, भिंग आणि चिकाटी यांहून अधिक काही लागत नाही. काही किड्यांच्या अळ्या केवळ निर्मळ पाण्यातच जगतात. त्या नाहीशा झाल्या की पाणी बिघडले, हे माशाच्याही आधी कळते. अमरावती, अकोला, अचलपूर येथील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारे शेकडो विद्यार्थी दरवर्षी बाटलीतल्या बेडकाची आकृती काढून पदवी घेतात. त्यांतल्या दहा-वीस जणांना वैशाखातले चार दिवस सेमाडोहच्या काठावर काढावयास लावले तर त्यांच्या शिक्षणाचेही कल्याण होईल आणि नदीचेही.

ही नोंदवही सरकारी कपाटात पडून राहू नये, हे त्याहून महत्त्वाचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतील माशांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने जलस्रोत सुरक्षित राखण्याचे कामही हक्कधारकांवर आणि ग्रामसभेवर सोपविले आहे. डोहाचे आकडे कोरकू गावांच्या ग्रामसभेत त्यांच्या भाषेत वाचून दाखविले पाहिजेत. डोहात कोणते मासे पूर्वी मिळत आणि कोणते आता मिळत नाहीत, हे सांगणारी वृद्ध माणसे त्या सभेत बसलेली असतात. शास्त्रज्ञाला लागणारी मागच्या पन्नास वर्षांची माहिती त्यांच्याजवळच आहे. पंप नदीपासून दूर, शेतातच धुवावा, ही साधी शिस्त वनरक्षकाच्या काठीपेक्षा ग्रामसभेच्या ठरावाने अधिक लवकर रुजेल. कीटकनाशके विकणाऱ्या दुकानदाराने आणि कृषी खात्यानेही या शिस्तीतला आपला वाटा उचलला पाहिजे. बाटलीवरचा लाल-पिवळा त्रिकोण नदीला वाचता येत नाही.

१९९० आणि १९९१ साली मेळघाटच्या गडगा नदीत मगरी पुन्हा सोडण्यात आल्या. तेथून नाहीशा झालेल्या प्राण्याला परत आणावे, एवढा विश्वास तेव्हा त्या पाण्याबद्दल वाटला. तो विश्वास आजही सार्थ असेल. पण विश्वास हा मोजमापाला पर्याय होऊ शकत नाही. वाघांची गणना दर चार वर्षांनी होते आणि तिचे आकडे वृत्तपत्रांत पहिल्या पानावर येतात. तो वाघ ज्या पाण्यावर वाकतो त्या पाण्याचीही गणना व्हावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. येत्या वैशाखात सिपना पुन्हा तुटेल आणि सेमाडोहचे डोह पुन्हा एकेकटे पडतील. त्याआधी कोणी तरी तापमापी आणि बाटल्या घेऊन तेथे पोहोचले पाहिजे.